सासूबाईंचा टाइपरायटर आणि माझा अंगठा

यंत्र कुठलंही असो, ते माझ्या हाताला वश होतं! हे मी एकटाच म्हणतो, पण इतकी वर्षं म्हणतोय की आता त्याला पुराव्याची गरज उरलेली नाही. ऑफिसातला तारखेचा शिक्का एकाच तारखेवर अडकून बसला होता. तीन वर्षं! आमच्या खात्यात कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी तो टाचणीने मोकळा केला. (त्यानंतर तो फक्त एकतीस तारीखच उमटवतो, हा भाग वेगळा.) घरातल्या पंख्याची घरघर मी एका दुपारीत बंद केली. पंखाही बंद झाला, पण मुद्दा घरघरीचा होता!

त्यामुळे शनिवारी सकाळी सासूबाईंचा टाइपरायटर बंद पडला, तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला, बाह्या सरसावल्या आणि म्हणालो, "आई, तुम्ही निर्धास्त राहा. मी आहे ना!"

"तीच तर काळजी आहे," सासूबाई म्हणाल्या.

इथे थोडी ओळख करून द्यायला हवी. माझ्या सासूबाई कोर्टात अडतीस वर्षं स्टेनो होत्या. भल्याभल्या वकिलांचं बोलणं त्यांनी तोंडातून बाहेर पडायच्या आत लिहून घेतलेलं आहे. कोर्टात कॉम्प्युटर आले तेव्हा जुना इलेक्ट्रिक टाइपरायटर भंगारात निघाला. तो त्यांनी निवृत्तीच्या दिवशी घरी आणला. आता दोन वर्षं त्या आमच्याकडे असतात, आणि तोही असतो. वजन विचारू नका. तो हलवायचा असला की आधी दोन माणसं लागतात आणि नंतर एक डॉक्टर! सकाळी नऊला त्याचं बटण दाबलं की खालच्या मजल्यावरच्या कपाटातल्या बश्या ताल धरतात.

आणि सासूबाई त्याच्यावर काय टाइप करतात? तक्रारी! दिवे लागत नाहीत, पाणी येत नाही, बस थांबत नाही. ह्या तक्रारी जातात पालिकेच्या तक्रार निवारण विभागात. तिथे मुख्य कारकून कोण? मी!

म्हणजे बघा, सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर टाइप झालेलं पत्र दुपारी माझ्या ऑफिसच्या टेबलावर येतं. त्यावर मी 'कार्यवाही सुरू आहे' असं उत्तर पाठवतो. चौथ्या दिवशी ते उत्तर आमच्या टपालपेटीतून मीच काढतो आणि सासूबाईंच्या हातात देतो. त्या चष्मा लावून ते वाचतात, माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "कुणी गाढवाने लिहिलंय?" मी म्हणतो, "चौकशी करतो."

सध्याची तक्रार गटाराच्या झाकणाची होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटाराचं एक तोंड चौदा महिने उघडं आहे. आधी त्यात कुणीतरी झाडाची फांदी खोचली. मग एक बिनहातांची खुर्ची ठेवली. मग खुर्ची चोरीला गेली आणि त्याच आठवड्यात तळमजल्यावरचे शिंपीकाका आत गेले. पाय मोडला. पायाने मशीन चालवणारा माणूस, तो दोन महिने प्लास्टरातला पाय स्टुलावर ठेवून खिडकीत बसला.

आमच्या खात्याचं म्हणणं साधं होतं. झाकण वरून पाहिलं तर ते रस्ते विभागाचं, खालून पाहिलं तर मलनिस्सारण विभागाचं. चौदा महिने फाईल वरून खाली आणि खालून वर फिरत होती. शेवटी सासूबाईंनी थेट आयुक्तांकडे सुनावणी मागितली आणि ती मिळाली! बुधवारी, सकाळी अकरा वाजता. तोपर्यंत लेखी निवेदन तयार हवं होतं, आणि नेमका शनिवारी टाइपरायटर बसला. मोटर गुरगुरत होती, पण कळ दाबली तर अक्षर उठत नव्हतं.

"त्या यंत्रवाल्यांना फोन करते," सासूबाई म्हणाल्या. हे यंत्रवाले म्हणजे एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ. कोर्टातली सगळी यंत्रं त्यांनीच सांभाळली.

"कशाला? उद्या रविवार आहे. मी तासाभरात करून देतो!"

सासूबाईंनी चष्मा नाकावर खाली ओढला. "जावईबापू, ज्या खात्याविरुद्ध मी लिहितेय, त्याच खात्याचा मुख्य कारकून माझं यंत्र उघडणार?"

"आई, नोकरी वेगळी, नातं वेगळं!"

"हो ना. नोकरीत तुम्ही काही करत नाही. भीती मला नात्याचीच आहे."

पण बायको मध्ये पडली. "आई, करू दे ना त्यांना. इतक्या हौसेने म्हणतायत." लग्नाच्या बायकोचा विश्वास म्हणतात तो हा! नंतर कळलं, रविवारी मी तिचा मिक्सर उघडू नये एवढंच तिला हवं होतं.

रविवारी सकाळी मी टेबलावर वर्तमानपत्रं पसरली, चार वाट्या मांडल्या आणि यंत्र उताणं केलं. बायको टॉर्च धरून उभी होती.

"अहो, काढण्याआधी फोटो काढून ठेवा. कुठला स्क्रू कुठला ते कळेल."

"फोटो नवशिके काढतात," मी म्हणालो. "माझ्या डोक्यात सगळा नकाशा असतो."

पहिल्या वाटीत मोठे स्क्रू, दुसरीत छोटे, तिसरीत वॉशर. चौथीत कशाला काय म्हणतात ते मला ठाऊक नसलेल्या वस्तू. ही चौथी वाटीच सगळ्यात लवकर भरली. मध्येच टण्णकन एक स्प्रिंग उडाली. आम्ही दोघांनी मान वर करून तिची वाट पाहिली. ती खाली आल्याचं कुणीही पाहिलेलं नाही.

आणि मग सापडलं! आत एक पांढरं प्लास्टिकचं दातेरी चाक होतं, मनगटी घड्याळाच्या तबकडीएवढं, मधोमध मोठं भोक असलेलं. तडकून त्याचे दोन तुकडे झाले होते. मोटर फिरत होती, पण तिचं म्हणणं रोलरपर्यंत पोहोचवणारा हा मधला माणूस कामातून गेला होता. आमच्या खात्यात हे रोज होतं, त्यामुळे मला लगेच समजलं.

"एवढंच?" मी विजयाने ओरडलो. "एक थेंब गोंद आणि काम फत्ते!"

घरात तो झटकन चिकटणारा गोंद होता. नळीवर लिहिलं होतं, चोवीस तास सुकू द्या. हे असलं सामान्य माणसांसाठी लिहितात. मी वीस मिनिटं थांबलो. चाक बसवलं, पट्टा चढवला, झाकण लावलं. नऊ स्क्रू उरले.

"हे?" बायकोने वाटी पुढे केली.

"जास्तीचे असतात. कंपनी देते."

सासूबाईंनी कागद चढवला. मी बटण दाबलं.

यंत्र क्षणभर गप्प राहिलं. मग कुणी हातही न लावता त्याने आपणहून लिहायला सुरुवात केली. ळळळळळळळळळ! ओळ संपली, कॅरेज दाणकन उजवीकडे गेलं, पाण्याचा जग टेबलावरून उडाला, आणि दुसरी ओळ सुरू. ळळळळळळळळळ! मी बटण दाबलं, थांबेना. कळा दाबल्या, थांबेना. पाठीवर थोपटलं, तर वेग वाढला! शेवटी बायकोने भिंतीतला प्लग उपटला, तेव्हा आतून कड् असा आवाज आला आणि शांतता पसरली.

सासूबाईंनी कागद काढला. चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नीट वाचला.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुमच्या खात्याकडून आजवर आलेलं हे सर्वात सविस्तर उत्तर आहे."

माणूस चिडणार नाही तर काय! सोमवारी सकाळी मी सहालाच उठलो. यंत्र पुन्हा उताणं केलं, पुन्हा चाक काढलं. आता त्याचे दोन दातेही निखळले होते. ह्या वेळी मी गोंदात कंजूषपणा केला नाही. जुळवलेलं चाक सुकेपर्यंत फिरवत कशावर ठेवायचं? मी ते डाव्या अंगठ्यात घातलं. अगदी मापाचं बसलं!

फारच मापाचं बसलं.

साबण झाला, तेल झालं, गरम पाणी झालं. बायकोने नेलपॉलिश काढायचं औषध ओतलं, त्याने टेबलाचं पॉलिश निघालं. चाक तसूभर हललं नाही.

"कापून काढू?" मी विचारलं.

"अंगठा की चाक?" सासूबाई म्हणाल्या. "चाकाला हात लावायचा नाही. नवीन करून घ्यायचं तर नमुना लागेल."

तेवढ्यात फोन वाजला. साहेब. "आहात तसे ताबडतोब या!"

मी होतो तसा गेलो. ऑफिसच्या दारात हजेरीचं यंत्र आहे, त्यावर डावा अंगठा ठेवावा लागतो. मी चाकासकट ठेवला. यंत्राने विचार केला आणि पडद्यावर अक्षरं आली, 'व्यक्ती ओळखता आली नाही'. बावीस वर्षांची नोकरी!

साहेब येरझाऱ्या घालत होते. त्यांच्या शेजारी जावक उभा होता. जावक म्हणजे आमचा जावक टेबलाचा कारकून. खरं नाव त्यालाही सांगायला वेळ लागतो. बातम्या मात्र त्याच्याकडून बिनतिकिटाच्या जातात.

"बुधवारी आयुक्तबाई स्वतः बसणार आहेत," साहेब म्हणाले. "तुमच्या सासूबाईंचं निवेदन किती पानी आहे? खरं सांगा. मी मनाची तयारी केली आहे."

"निवेदन नाहीये साहेब. टाइपरायटर बिघडला."

"बिघडला? कसा?"

आता कसा ते तोंडाने काय सांगणार! मी अंगठा वर केला.

साहेबांनी चाक पाहिलं. जावकने चाक पाहिलं. मग साहेबांनी माझे दोन्ही खांदे धरले.

"पार्टच काढून आणलात?" त्यांनी विचारलं. "खात्यासाठी? स्वतःच्या सासूचा?"

"नाही हो साहेब! मी दुरुस्त करत होतो!"

"अर्थात!" साहेबांनी डोळा मारला. "दुरुस्तच करत होतात!"

"खरंच साहेब, गोंद जरा जास्त झाला..."

"गोंद! वा! म्हणजे पुन्हा बसवायची सोयच ठेवली नाही!" ते जावककडे वळले. "शिका काहीतरी! तुम्हाला साधं पत्र गहाळ करता येत नाही धड!"

मी जितकं नाही म्हणावं, तितकी माझी कीर्ती वाढत होती. जावकने माझा अंगठा हातात घेऊन दाते मोजले. साहेबांनी मला त्यांच्या खास कपातून चहा मागवला. "लेखी निवेदन नाही म्हणजे सुनावणी तहकूब," ते म्हणाले. "नियम अकरा! तहकूब म्हणजे सहा महिने निश्चिंत! तुमच्यासारखा माणूस प्रत्येक खात्यात हवा."

आणि खरं सांगतो, तो चहा पिताना मला क्षणभर बरं वाटलं. बावीस वर्षांत मला कुणी शाबास म्हटलं नव्हतं. मी गप्प बसलो. नुसता गप्प बसलो असतो तरी चाललं असतं, पण मी किंचित हसलो. त्याच क्षणी दारातून आवाज आला.

"आत येऊ का?"

दारात सासूबाई! निवेदनाला एक दिवस मुदत वाढवून मागायला आल्या होत्या. कधीपासून उभ्या होत्या देव जाणे. अडतीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं टिपलेली बाई, एक शब्दही निसटला नसणार! त्यांनी साहेबांकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, माझ्या अंगठ्याकडे पाहिलं.

"मुदत नको आता," त्या म्हणाल्या. "बुधवारी भेटू." आणि गेल्या.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. भाजीत मीठ नव्हतं, आणि ते विसरलेलं नव्हतं.

"आई म्हणते तुम्ही मुद्दाम केलंत," बायको म्हणाली.

"तुला पटतं का हे?"

"मुळीच नाही! मी तिला दुपारपासून सांगतेय, कट करायला डोकं लागतं, ते ह्यांना कुठून येणार?"

माझी बाजू इतक्या जोरात आजवर कुणी मांडली नव्हती!

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "डोकं लागत नाही गं. मी कोर्टात आयुष्य काढलंय. निम्मे गुन्हे डोकं नसलेलेच करतात."

मंगळवारी सासूबाई आणि बायकोने मला यंत्रवाल्या आजोबांसमोर हजर केलं. शेजारच्या दोघांनी टाइपरायटर उचलून त्यांच्या बाकावर ठेवला. आजोबांनी तळाचं झाकण उघडलं, आत डोकावले, आणि कपाळाला हात लावला.

"आधी कुणी उघडलं होतं?"

"कुणीतरी," मी म्हणालो.

"त्या कुणीतरीला सांगा, पट्टा उलटा चढवलाय. रोलरला गोंद फासलाय. आणि इथली स्प्रिंग कुठाय?"

"हवेत," बायको म्हणाली.

"बरं. मूळचं चाक आणा. दाते मोजायला हवेत."

मी अंगठा पुढे केला. आजोबांनी मुळीच आश्चर्य दाखवलं नाही. माझा हात बाकावर ठेवून त्यावर दिवा ओढला आणि सुईच्या टोकाने मोजू लागले. "बावीस. दोन पडलेले धरून चोवीस. जुन्या मशीनचं पितळी चाक आहे माझ्याकडे, बसेल. चाक बदलणं दहा मिनिटांचं काम. बाकीच्या दुरुस्तीची दुरुस्ती करायला शुक्रवार उजाडेल."

सुनावणी बुधवारी होती. परत येताना सासूबाई आमच्या पुढे चालत होत्या. गल्लीच्या तोंडाशी त्या थांबल्या, त्या उघड्या भोकाला वळसा घातला आणि शिंपीकाकांच्या खिडकीकडे बघून मान हलवली. काकांनीही हलवली. चौदा महिने त्यांनी सांभाळून आणलेली गोष्ट मी एका रविवारी उताणी केली होती. मला पहिल्यांदाच नीट लाज वाटली. म्हणजे, अंगठा सोडून इतर ठिकाणीही वाटली.

बुधवारी अकरा वाजता सभागृह भरलेलं. मधे आयुक्तबाई. एका बाजूला आम्ही, म्हणजे साहेब, जावक आणि चाकासह मी. दुसऱ्या बाजूला सासूबाई आणि कुबड्यांवर शिंपीकाका. माझी बायकोही तिकडेच बसली होती.

साहेब उठले. "नियम अकरा. निवेदन लेखी नाही. सुनावणी तहकूब व्हावी."

सासूबाई उठल्या. "नियमात 'लेखी' आहे. 'टंकलिखित' नाही. मी आत्ता इथे सांगते, आणि कुणीतरी लिहून घ्यावं. मी स्वतः लिहिलं असतं, पण माझी सगळी टिपणं लघुलिपीत आहेत. ती ह्या खात्यात कुणाला वाचता येत नाही. इथे साधी लिपीही वाचतात असं पत्रांच्या उत्तरांवरून वाटत नाही."

आयुक्तबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. "कोण लिहून घेईल?"

"तक्रार विभागाचे मुख्य कारकून. त्यांना फाईल पाठ आहे."

साहेबांनी माझा कोट ओढला, पण उशीर झाला होता. माझ्यासमोर कागदाचा गठ्ठा आला, आणि सासूबाईंनी सुरुवात केली. कोर्टाच्या वेगाने!

"सदर अर्जदाराने पहिला अर्ज केला, स्वल्पविराम, त्यावर मुख्य कारकुनाने, कंसात, अर्जदाराचे जावई, कंस पूर्ण, 'कार्यवाही सुरू आहे' असे उत्तर दिले, पूर्णविराम. दुसरा अर्ज केला, स्वल्पविराम, त्यावर त्याच कारकुनाने तेच उत्तर दिले, पूर्णविराम. शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच होत्या, पूर्णविराम. लिहिलंत?"

"लि... लिहितोय."

"'चुकाही' मधला 'चु' ऱ्हस्व."

एक तास दहा मिनिटं! एकोणीस अर्ज, एकोणीस उत्तरं, सगळी माझी, आणि ती मी माझ्याच हाताने पुन्हा लिहीत होतो. डाव्या अंगठ्याने कागद धरला की चाकाचे दाते त्याला ओरखडे काढत. मधे शिंपीकाकांना बोलायला सांगितलं. ते कुबड्यांवर उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "झाकण रस्त्याचं की गटाराचं, मला कळत नाही. रोज त्याच वाटेने जावं लागतं. मला फक्त दुसरा पाय वाचवायचाय."

हे लिहिताना मला कुणी विरामचिन्हं सांगितली नाहीत.

"शेवटचा परिच्छेद," सासूबाई म्हणाल्या. "टंकलिखित प्रत देता आली नाही, स्वल्पविराम, कारण यंत्राचा भाग सदर कारकुनाच्या अंगठ्यावर आहे, पूर्णविराम. पुरावा हजर आहे, पूर्णविराम."

"म्हणजे?" आयुक्तबाईंनी विचारलं. "काय आहे अंगठ्यावर? दाखवा."

मी उभा राहिलो आणि दाखवला.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, तेव्हा मला उमगलं. भर सुनावणीत, शंभर माणसांसमोर, आयुक्तांना अंगठा दाखवणारा कर्मचारी! पालिकेने आजवर लोकांना तो बराच दाखवला असेल, पण वरिष्ठांना दाखवण्याचा मान माझाच!

"खाली घ्या तो," आयुक्तबाई म्हणाल्या. "आणि निवेदनाखाली लिहून घेणाऱ्याचं नाव घाला. सही करता, की अंगठाच उठवता?"

मी सही केली. मग त्या साहेबांकडे वळल्या. "झाकण कुणाचं?"

"मॅडम, त्याचं असं आहे, वरून पाहिलं तर..."

"चला. आपण दोघं जाऊन पाहू. तुम्ही आतून पाहा, मी वरून पाहते."

साहेबांना आत उतरावं लागलं नाही. दुपारी चार वाजता चार माणसं हातगाडीवर एक लोखंडी झाकण घेऊन आली आणि बारा मिनिटांत बसवून गेली. चौदा महिन्यांचं काम! शिंपीकाका खिडकीतून घड्याळ लावून बघत होते. सासूबाईंनी स्वतः जाऊन झाकणावर उभं राहून पाहिलं, दोनदा टाच आपटली आणि वर आल्या.

गुरुवारी आंघोळ करताना अंगठ्यातलं चाक आपोआप गळून पडलं आणि मोरीत वाहून गेलं. शुक्रवारी टाइपरायटर परत आला. सासूबाईंनी त्यावर एक ओळ टाइप करून पाहिली. ठक ठक ठक, पितळी आवाज, पहिल्यापेक्षा खणखणीत. मी धीर करून जवळ गेलो.

"आई, मी खरंच मुद्दाम केलं नव्हतं हो."

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"रविवारपासूनच. मुद्दाम मोडणारा माणूस एक चाक मोडतो. इतकं सगळं मोडायला चांगला हेतूच लागतो."

"मग सुनावणीत तसं का सांगितलंत?"

"मी कुठे काय सांगितलं? यंत्राचा भाग तुमच्या अंगठ्यावर होता की नव्हता?" त्यांनी रिबन नीट केली. "आणि साहेबांच्या कपातला चहा तुम्ही प्यालात. तेवढी शिक्षा व्हायलाच हवी होती."

आता एवढ्यावर सगळं मिटायला हवं होतं. मिटलं नाही. जावकने बातमी सगळ्या खात्यांत पोहोचवली, पण त्याच्या हातून जाताना तिचं शेपूट गळलं. सुनावणीचं कुणी बोलत नाही. लोकांच्या लक्षात एवढंच राहिलं की ह्या माणसाने सासूचं यंत्र असं बिघडवलं की कुणाला सिद्ध करता आलं नाही! जिन्यात अनोळखी जावई मला नमस्कार करतात. पाणीपुरवठ्यातले एक गृहस्थ सासूचं श्रवणयंत्र खिशात घालून दोन दिवस माझ्या मागे फिरत होते. मी सगळ्यांना हाकलून दिलं.

काल मात्र साहेबांनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"आमच्या सासूबाई आल्यात राहायला," ते हळू आवाजात म्हणाले. "महिना झाला. त्यांचा एक रेडिओ आहे. पहाटे पाचला लावतात. पूर्ण आवाजात. वरून त्याची खरखर. मला झोप नाही हो! तुमच्या हाताला काही..."

"साहेब," मी ठामपणे म्हणालो, "मुद्दाम काही बिघडवणं मला जमणार नाही. माझा तो स्वभाव नाही."

साहेबांचा चेहरा पडला. मला बघवेना. शेवटी माणूसच तो!

"पण त्याची खरखर येते म्हणालात ना?" मी म्हणालो. "उद्या घेऊन या. मी तो अगदी मनापासून दुरुस्त करून देतो."

साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या!